हरवलेल्या पाण्याचा माग

बोरघाटाने जाणाऱ्या प्रवाशांना एके काळी एक देखावा हमखास दिसत असे. वळणाच्या कडेला मालाने भरलेला ट्रक उभा आहे, त्याचे बॉनेट वर उचललेले आहे, आतून वाफेचा लोट उठतो आहे, आणि किन्नर हातात डबा घेऊन कुठे पाण्याची धार सापडते का ते पाहायला निघाला आहे. ड्रायव्हर दगडावर बसून विडी ओढतो आहे. त्याच्या चेहऱ्यावर चिंता अशी नसे. गाडी तापली, पाणी उडाले, नवे पाणी घातले की गाडी पुन्हा चालू लागणार, हा त्याचा रोजचा अनुभव. पाणी गेले कुठे, असे त्या काळी कोणी कोणाला विचारीत नसे. ते सर्वांच्या डोळ्यांदेखत आकाशात जात असे.

आज तो देखावा दुर्मीळ झाला आहे. आताच्या ट्रकचे पाणी कुलूपबंद असते. एकदा भरले की ते महिनोन् महिने, कित्येकदा वर्षानुवर्षे, तेच ते फिरत राहावे अशी योजना असते. म्हणूनच ते कमी होऊ लागले की घोटाळा होतो. खालची जमीन कोरडी, नळ्या कोरड्या, वाफ नाही, आणि तरी दर चार दिवसांनी डब्यातली पातळी बोटभर खाली. ड्रायव्हर म्हणतो, "गाडी पाणी खाते." खाते हे खरे, पण खाल्लेले जाते कुठे?

या साध्या प्रश्नाचा मी इतिहासाच्या बाजूने शोध घेऊ लागलो, आणि माग काढता काढता भलत्याच ठिकाणी जाऊन पोहोचलो. एका धाडसी बाईचा प्रवास, एका नदीवरचा खटला, एका जहाजाचे अपयश, अशी वळणे त्यात आली. या साऱ्यातून मला जे दिसले ते एवढेच की, सव्वाशे-दीडशे वर्षांत इंजिनातले पाणी संपण्याचा अर्थच पालटला आहे. प्रथम ती पद्धत होती, मग ती गैरसोय झाली, आणि आज ती साक्ष आहे. साक्ष ऐकायची की नाही, एवढाच प्रश्न उरतो. आणि घाटातल्या ट्रकच्या बाबतीत तो जिवाचा प्रश्न असू शकतो.

*

मुळात इंजिनाला पाणी लागते कशाला? इंजिनाच्या नळकांड्यात इंधन जळते तेव्हा त्या वायूचे तापमान क्षणभर २००० अंशांच्या वर जाते. नळकांडे ज्याचे बनवतात ते ओतीव लोखंड सुमारे १२०० अंशांना वितळते, आणि दट्ट्याचे ॲल्युमिनियम तर ६६० अंशांनाच पाणी होते. म्हणजे इंजिन हे स्वतःला वितळवू शकणारे यंत्र आहे. जाळलेल्या डिझेलच्या उष्णतेतला निम्म्याहून कमी भाग चाकांच्या कामी येतो. उरलेल्यातला काही धुराबरोबर निघून जातो, आणि काही लोखंडात मुरतो. हा मुरलेला भाग सतत काढून नेला तरच यंत्र जगते. ते काढून नेण्याचे काम पाण्याचे.

पहिल्या मोटारकर्त्यांनी यासाठी स्वयंपाकघरातली युक्ती वापरली. चुलीवरच्या भांड्यात पाणी आहे तोवर भांडे जळत नाही, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या ५४० पट उष्णता ते उकळते पाणी वाफ होऊन उडून जाताना बरोबर घेऊन जाते. जर्मनीत कार्ल बेंझने १८८६ साली ज्या तीनचाकी गाडीचे पेटंट घेतले तिचे इंजिन अशाच रीतीने थंड राही. नळकांड्याभोवती पाणी होते, ते उकळे, वाफ होई आणि उडून जाई. पाणी उडणे हा तिथे दोष नव्हता, तीच तिची थंड होण्याची रीत होती.

या रीतीची परीक्षा घेतली ती बेंझच्या पत्नीने. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेंझ नवऱ्याला न सांगता, आपल्या दोन मुलांना घेऊन, मानहाइमहून आपल्या माहेरी, फोर्त्सहाइमला, त्या गाडीतून निघाली. अंतर शंभर किलोमीटरांच्या वर. वाटेत वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून तिने इंधन विकत घेतले, ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते. परंतु इंधनाहून अधिक वेळा तिला थांबावे लागले ते पाण्यासाठी. खानावळ दिसली की पाणी, ओढा दिसला की पाणी, काही नसेल तर डबक्यातले पाणी. जगातल्या पहिल्या लांब पल्ल्याच्या मोटारप्रवासाचा इतिहास हा अशा रीतीने पाण्याच्या थांब्यांचा इतिहास आहे.

आपल्याकडच्या खेड्यांनीही या अवस्थेचे एक भावंड पाहिले आहे. गुऱ्हाळावर किंवा विहिरीवर पुक् पुक् करीत चालणारे ऑइल इंजिन ज्यांनी पाहिले असेल त्यांना शेजारचे पाण्याचे पिंप आठवेल. इंजिनातून निघालेले ऊन पाणी त्यात पडे आणि निवलेले पाणी परत इंजिनात जाई. पिंपाचे तोंड उघडे असे. पाणी आटले की बादलीभर ओतायचे. पण पिंप बरोबर घेऊन कोणाला घाट चढता येत नाही. आणि मोटारीचे खरे कोडे तेच होते.

ते सोडवले विल्हेल्म मायबाख या डाइमलर कंपनीच्या अभियंत्याने. त्याने मधमाशांच्या पोळ्यासारखा एक डबा बनवला. १९०० साल सरता सरता तयार झालेल्या आणि एमिल येलिनेक या गिऱ्हाइकाच्या मुलीच्या नावावरून 'मर्सिडीज' म्हणवल्या गेलेल्या गाडीत तो बसवला होता. सहा मिलिमीटर चौरसाच्या ८०७० बारीक नळ्या त्यात एकत्र जुळवल्या होत्या. नळ्यांच्या आतून वारा वाहायचा आणि त्यांच्या फटींतून पाणी. एवढ्याशा जागेत पाण्याला वाऱ्याचा इतका स्पर्श घडू लागला की पूर्वी जिथे १८ लिटर पाणी लागे तिथे ९ लिटरांत काम भागू लागले. मागाहून रेडिएटरांच्या तऱ्हा पुष्कळ झाल्या. पण पाण्याने स्वतः निघून न जाता केवळ उष्णता वाऱ्याच्या स्वाधीन करून परत यावे, ही कल्पना इथे पक्की झाली. पाणी आता जात नव्हते. ते फिरत होते.

*

फिरते खरे, पण उकळले की अजूनही उडतच होते. शिवाय उंचीवर गेले की पाणी लवकर उकळते. मुंबईला ते १०० अंशांना उकळत असेल तर खंडाळ्याच्या माथ्यावर सुमारे ९८ अंशांना, आणि लेहसारख्या ३५०० मीटर उंचीच्या गावी ८८ अंशांच्या आसपासच उकळी फुटते. म्हणजे जिथे चढ सर्वांत अवघड, तिथेच पाणी सर्वांत अधीर!

यावर जो उपाय निघाला तो दिवाळीच्या फराळाच्या गडबडीत ज्यांच्या घरी कुकरची शिट्टी वाजते आहे त्यांना सहज समजेल. द्नी पापँ या फ्रेंच गृहस्थाने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक घट्ट झाकणाचे भांडे मांडले. आतली वाफ कोंडून राहिल्यामुळे पाणी १०० अंशांच्या पुढे तापले तरी उकळत नसे आणि हाडेसुद्धा त्यात मऊ होत. भांडे फुटू नये म्हणून पापँने त्याला वजनाची झडप बसवली. आपला कुकर हा त्या भांड्याचा वंशज, आणि ट्रकच्या रेडिएटरचे झाकण हा त्याचा दुसरा वंशज. या झाकणात एक स्प्रिंगची झडप असते. ती आतला दाब ठरावीक मर्यादेपर्यंत धरून ठेवते. हवेच्या दाबाएवढा आणखी एक दाब धरला तर पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. त्याच झाकणात उलट्या दिशेची दुसरी लहान झडप असते. इंजिन निवले की ती बाजूच्या डब्यातले पाणी परत आत घेते. गरम गाडीचे झाकण उघडू नये असे का म्हणतात ते यावरून ध्यानात यावे. ते उघडणे म्हणजे शिट्टी पडण्याआधी कुकर उघडणे होय.

पाण्यालाही जोडीदार मिळाला. व्युर्त्स या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५० नंतरच्या दशकात ग्लायकॉल नावाचे एक गोडसर द्रव्य तयार केले होते. ते पाण्यात निम्मे मिसळले तर मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खाली गेल्याशिवाय गोठत नाही, आणि उकळतेही साध्या पाण्यापेक्षा उशिरा. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ते अमेरिकेतल्या मोटारींसाठी बाजारात आले. आज आपण ज्या रंगीत द्रवाला कूलंट म्हणतो तो म्हणजे हे मिश्रण आणि त्यात गंज थांबवणारी काही औषधे. दिवाळीला घरोघरी मुले अंगणात खेळत असतात म्हणून सांगून ठेवतो: हा द्रव चवीला गोड आणि पोटात गेल्यास प्राणघातक आहे. गाडीखाली काढून ठेवलेल्या कूलंटच्या घमेल्याला कुत्रे किंवा लहान मूल तोंड लावणार नाही, याची काळजी घेतलीच पाहिजे.

झाकण घट्ट झाले, द्रव टिकाऊ झाला, आणि इंजिनातला पाण्याचा संसार एकदाचा बंद दाराआड गेला. त्याचबरोबर पाणी कमी होण्याचा अर्थही बदलला. उघड्या पिंपातले पाणी आटले तर त्याची कोणी चौकशी करीत नाही. पण कुलूपबंद तिजोरीतले पैसे कमी होऊ लागले तर चोर शोधावाच लागतो.

*

न दिसणारे पाणी कसे शोधावे, याचा एक फार सुंदर धडा मोटारीच्या जन्माआधीच एका नदीने घालून दिला होता. ट्रकच्या गॅरेजात आजही तो गिरवला जातो, म्हणून थोडे आडवळण घेऊन तो सांगतो.

दक्षिण जर्मनीत इमेंडिंगन गावाजवळ डॅन्यूब नदीचे पाणी पात्रातल्या भेगांतून जमिनीत मुरते. उन्हाळ्यात तर नदी तिथे पार कोरडी पडते. तिथून दक्षिणेला सुमारे १२ किलोमीटरांवर आख नावाचा एक प्रचंड झरा उसळतो. तो झरा म्हणजे डॅन्यूबचेच पाणी असावे असा लोकांचा जुना तर्क होता. एरवी ही गप्पांची गोष्ट राहिली असती. पण दोन्हीकडे पाण्यावर चालणाऱ्या चक्क्या आणि कारखाने होते. डॅन्यूबकाठचे लोक म्हणत, भेगा बुजवू, आमचे पाणी आम्हांला राहू द्या. आखकाठचे म्हणत, बुजवाल तर आमची चाके थांबतील. पोटापाण्याचा प्रश्न आला की तर्काने भागत नाही, पुरावा लागतो.

तो पुरावा मिळवण्याचे काम कार्ल्सरूहचे प्राध्यापक आडोल्फ क्नोप यांनी केले. ऑक्टोबर १८७७ मध्ये त्यांनी डॅन्यूबच्या भेगांत तीन गोष्टी सोडल्या. २० टन मीठ, १२०० किलो उग्र वासाचे दगडी तेल, आणि १० किलो फ्लुओरेसिन. फ्लुओरेसिन हा रंग आडोल्फ फॉन बायर यांनी १८७१ साली, म्हणजे अवघ्या सहा वर्षांपूर्वी, तयार केलेला. त्याचा कणभर अंश पाण्यात असला तरी पाणी हिरवे चमकू लागते. सुमारे ६० तासांनी आखचा झरा हिरवा झाला. पाणी खारट लागू लागले आणि त्याला तेलाचा वासही येऊ लागला. डोळा, जीभ आणि नाक या तिन्ही साक्षीदारांनी एकच जबानी दिली. काळ्या समुद्राकडे निघालेले डॅन्यूबचे पाणी वाट चुकवून ऱ्हाइनमार्गे उत्तर समुद्राला जात होते! भांडण त्याने मिटले नाही. ते १९२७ साली जर्मनीच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे गेले. पण पाणी कुठे जाते याविषयी मात्र वाद उरला नाही.

क्नोप यांच्या या रीतीत मला तीन गोष्टी मोलाच्या वाटतात. पाणी नाहीसे होत नसते, ते कुठेतरी जात असते, हा पहिला विश्वास. जाणाऱ्या पाण्यावर खूण करावी, ही दुसरी युक्ती. आणि ते जिथे जाण्याची शक्यता आहे तिथे आधीच जाऊन उभे राहावे, हा तिसरा शहाणपणा.

*

हाच शहाणपणा मी एका मिस्त्रीच्या ठिकाणी पाहिला. माझ्या ओळखीचे एक ट्रकमालक आहेत. एकच गाडी, तीही हप्त्यांवर, आणि चालवायला स्वतःच. न्हावा-शेवा बंदरातून पुण्याकडे माल आणायचा, म्हणजे दर खेपेला बोरघाट चढायचा. त्यांच्या गाडीचे कूलंट दर खेपेला लिटर-दीड लिटर कमी होऊ लागले. एका गॅरेजात होज पाइप बदलले. दुसऱ्यात पाण्याचा पंप बदलला. तिसऱ्याने रेडिएटर उतरवला. चौथ्याने हेड काढून पॅकिंग बदलले आणि महिन्याच्या हप्त्याएवढे पैसे घेतले. पाणी जातच राहिले.

शेवटी ते हमरस्त्यावरच्या एका वयस्क मिस्त्रीकडे गेले. मीही बरोबर होतो. मिस्त्रीने पान्याला हात लावला नाही. त्याने विचारले, "पाणी कधी कमी होतं? चढाला, उताराला, का उभ्या गाडीत?"

"ते कसं सांगणार, मिस्त्री? कमी होतं एवढं खरं."

"मग आधी वही घाला, भाऊ. रोज सकाळी गाडी सुरू करायच्या आधी पातळी बघायची आणि लिहायचं. रात्री उभी केल्यावर, गार झाली की पुन्हा बघायचं. भरलेली होती का रिकामी, तेही लिहायचं. पंधरा दिवसांनी या."

इतिहासाच्या अभ्यासकाला हे बोलणे किती गोड वाटले असेल ते सांगायला नको. कागदावर नोंद नाही तोवर सारे अंदाजच असतात. पंधरा दिवसांनी वही आली. तिच्यात दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. गाडी भरलेली असो की रिकामी, घट जवळजवळ सारखीच होती. आणि घटीचा बराचसा भाग रात्रीचा होता. संध्याकाळी गाडी गार झाल्यावर मोजलेली पातळी सकाळी खाली गेलेली असे. आणि गाडीखाली टाकलेला पुठ्ठा कोरडा असे.

मिस्त्रीने बोटे मोजायला सुरुवात केली. "या इंजिनात पाणी किती घरी जातं? रेडिएटर, पंप, ब्लॉक, हेड. तेल थंड करायचा कूलर. धूर थंड करायचा कूलर. आणि ब्रेकच्या हवेचा कंप्रेसर. जेवढ्या घरी पाण्याचं जाणंयेणं, तेवढ्याच घरी चोर असणार. परक्या घरी कशाला शोधायचं?"

मग एकेका घराची झडती झाली. तेलाची पट्टी काढून पाहिली. पाणी मिसळले असते तर तेल ताकासारखे पांढुरके दिसले असते, ते स्वच्छ होते. हेडचे पॅकिंग फुटले की जळका वायू पाण्यात शिरतो आणि रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात. त्या वायूतला कार्बन डायऑक्साइड ओळखणारे निळे औषध मिळते, ते तोंडाशी धरले की पिवळे पडते. इथे ते निळेच राहिले. सकाळी गाडी सुरू करताना सायलेन्सरमधून गोडसर वासाची पांढरी वाफ येते का पाहिले, नव्हती. म्हणजे धुराच्या कूलरवरचाही संशय फिटला. मग मिस्त्रीने कूलंटमध्ये एका बाटलीतला रंग ओतला आणि म्हणाला, "आता दोन दिवस गाडी चालवा."

दोन दिवसांनी गाडी आली ती अंधार पडल्यावर. मिस्त्री जांभळा उजेड पडणारी बॅटरी घेऊन गाडीखाली गेला आणि ब्रेकच्या हवेच्या टाकीचा खालचा कॉक त्याने सोडला. हवेच्या टाकीत थोडे पाणी साठते, ते नवल नव्हे; पावसाळ्यात तर हवेतला ओलावाच तिथे जमतो. पण घमेल्यात जे पडले ते त्या उजेडात काजव्यासारखे हिरवे चमकले.

कंप्रेसरच्या हेडचे पॅकिंग गेले होते. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. ती हवा दाबणारा कंप्रेसर इंजिनाला जोडलेला असतो आणि तापतो म्हणून इंजिनाचेच पाणी त्याच्या हेडमधून खेळवलेले असते. रात्री गाडी उभी राहिली की पाणी हळूहळू कंप्रेसरच्या नळकांड्यात झिरपे, आणि सकाळी गाडी सुरू होताच ते हवेबरोबर पुढे ढकलले जाई. त्यातले बरेचसे हवा कोरडी करणाऱ्या डब्यातून बाहेर पडे. ट्रक उभा असताना मधूनमधून 'फुस्स' असा जो आवाज येतो ना, त्या प्रत्येक फुस्सबरोबर थोडे थोडे पाणी रस्त्यावर उडत होते. उरलेले टाकीत, आणि टाकीतून पुढे ब्रेकच्या झडपांकडे.

हे ऐकून मालक मटकन खालीच बसले. पाणी कमी होते म्हणून इंजिनाची काळजी करीत ते चार महिने हिंडले होते. प्रत्यक्षात त्या पाण्याने धोक्यात आणले होते ते ब्रेक. झडपांत पाणी आणि गंजाचा गाळ साचला तर घाटाच्या उतारावर ते काय करील याचा भरवसा कोणी द्यावा? नुकसान एका ठिकाणी दिसत होते आणि संकट दुसऱ्याच ठिकाणी वाढत होते. कंप्रेसरचे पॅकिंग बदलले, टाक्या आणि नळ्या साफ केल्या, झडपा तपासल्या. खर्च आधीच्या चार गॅरेजांच्या मानाने किरकोळ आला. वही मात्र त्यांनी पुढेही चालू ठेवली आहे.

*

सर्व चोर असे सहज सापडत नाहीत. पाणी हरवण्याचे एक कारण असे आहे की त्याची उकल व्हायला जहाजांच्या इतिहासात शिरावे लागते.

चार्ल्स पार्सन्स या इंग्रज अभियंत्याने १८९४ साली आपल्या नव्या वाफेच्या टर्बाइनवर चालणारी 'टर्बिनिया' ही नौका पाण्यात सोडली. टर्बाइन जोरदार होते, तरी नौका अपेक्षेप्रमाणे धावेना. पंखा इतक्या वेगाने फिरे की त्याच्या पाठीमागे दाब उतरून पाण्यातच वाफेचे बुडबुडे तयार होत, आणि पंखा पाण्याऐवजी पोकळीत फिरत राही. पार्सन्सने काचेच्या खिडकीच्या टाकीत हा प्रकार डोळ्यांनी पाहिला आणि एका पंख्याच्या जागी तीन दांड्यांवर नऊ पंखे बसवले. १८९७ साली राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या नाविक संचलनात त्याची नौका ३४ नॉटच्या आसपास वेगाने सर्वांना मागे टाकून गेली.

पण बुडबुड्यांचे दुसरे दुखणे शिल्लक होते. जहाजांचे भक्कम पंखे काही काळाने कुरतडल्यासारखे दिसू लागत. लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली गणिताने दाखवले की असा पोकळ बुडबुडा मिटताना त्याच्या ठिकाणी क्षणभर प्रचंड दाब उत्पन्न होतो. लाखो बुडबुडे एकाच जागी मिटत राहिले म्हणजे लाखो सूक्ष्म हातोड्या धातूवर पडत राहतात.

हेच ट्रकच्या इंजिनात घडते. कित्येक मोठ्या डिझेल इंजिनांत दट्ट्या ज्या नळीत खालीवर होतो ती नळी, म्हणजे लायनर, बाहेरून थेट पाण्यात उभी असते. दर स्फोटाला दट्ट्या तिला एका बाजूने दणका देतो आणि ती घंटेसारखी थरथरते. भिंत मागे सरली की पाण्यात बुडबुडे होतात, पुढे आली की मिटतात. वर्षानुवर्षे हे चालले की नळीच्या पाण्याकडच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढी भोके पडू लागतात आणि एखादे आरपार जाते. बाहेर थेंब नाही, ओघळ नाही. पाणी थेट नळकांड्यात. कूलंटमधल्या औषधांचे एक काम असे की लोखंडावर पातळ कवच धरून ठेवायचे, म्हणजे हातोडी कवचावर बसते आणि कवच पुन्हा धरते. पाणी कमी झाले म्हणून दर वेळी नळाचे साधे पाणी ओतत राहिले की हे औषध पातळ होत जाते आणि कवच विरते. गळती झाकण्याचा उपायच अशा रीतीने नव्या गळतीचे कारण होऊन बसतो.

नळकांड्यात रात्रभर पाणी साठले तर काय होते? हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सकाळी दट्ट्या वर येतो, पाण्यावर आदळतो, आणि मनगटाएवढा पोलादी कनेक्टिंग रॉड वाकतो. एका ट्रकवर एक कुटुंब जगते अशी हजारो घरे आपल्याकडे आहेत. अशा घरात ही सकाळ काय घेऊन येते त्याची कल्पना करावी.

*

असो. आपल्याला सवय अशी की जे दिसत नाही ते झालेच नाही असे मानायचे. आणि जे कमी पडते ते भरून काढले की प्रश्न मिटला असे समजायचे. बेर्था बेंझला ही सवय शोभून दिसली, कारण तिच्या गाडीचे पाणी संपणेच रास्त होते. आपल्या बंद झाकणाच्या काळात ती शोभत नाही. बंद संसारातून काही कमी झाले तर ते कुठेतरी गेलेले असते, आणि जिथे गेले तिथे काहीतरी करीत असते.

ट्रकच्या पाठीवर सुभाषिते लिहिण्याची आपल्याकडे चाल आहे. मला विचाराल तर चालकाच्या बैठकीसमोर, त्यालाच दिसेल असे, एक वाक्य मी लिहीन. त्या वयस्क मिस्त्रीने बिल लिहिता लिहिता ते सहज उच्चारले होते: "पाणी घालण्याआधी, गेलं कुठं ते विचारा."